पाठ नसलेलं कपाट

दार बुजवायला काय लागतं, सांगू शकाल? विटा म्हणत असाल तर तुम्ही आमच्या गल्लीतले नाही. आमच्याकडे एका बाईनं घरातलं दार पुस्तकांनी बुजवलं. ड्रिल माझ्या हातात होतं. तरीही ते दार बंद झालं की उघडलं, हे आज मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि छाती ठोकून न बोलण्याची मला सवय नाही.

बाईला सगळे रिजेक्टबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती ओ देते. शर्टांच्या कारखान्यात ती चेकर होती. अख्खी नोकरी कॉलर आणि काजं तपासण्यात गेली. शिवण जरा चुणली की शर्ट बाजूला आणि वर एकच शब्द: रिजेक्ट. त्या कारखान्याच्या गेटवर मी संपाचं भाषण ठोकत होते, तेव्हा ही एका बाजूला उभी राहून डबा खात ऐकत होती. नंतर जवळ आली. मला वाटलं, शाबासकी देईल.

"आवाज चांगला आहे," म्हणाली. "पण मधे तुझं तुलाच कळेनासं झालं. वाचतेस का काही?"

माझं डोकं फिरलं. सहावीत शाळा सुटलेली, तेवढं पुरे असं मी जगाला ऐकवत होते.

"रस्ता वाचते," मी म्हटलं.

"मग संध्याकाळी घरी ये. त्याचीही पुस्तकं आहेत."

गेले ती भांडायलाच. परत आले ती काखेत पुस्तक घेऊन. आज साहेबाच्या टेबलावर मूठ आपटण्याआधी मी त्याला त्याचाच नियम वाचून दाखवते, ते तिच्या दोन खोल्यांच्या जिवावर. गल्लीतलं कोणीही तिथे यावं, पुस्तक न्यावं, परत आणावं. नाव लिहून घेणं नाही, काही नाही.

या खोल्या पूर्वी चार होत्या. म्हणजे घर एकच, तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं. भाऊ शाळेची बस चालवतो, त्याला ड्रायव्हरभाऊ म्हणतात. हिनंच त्याला लहानाचा मोठा केला, गाडी शिकायला पाठवलं. आई गेल्यावर घराची वाटणी करायला नातेवाईक बसले आणि हा सगळ्यांसमोर बोलून गेला, "एकटी बाई. तिला दोन खोल्या कशाला? पुस्तकांना?"

ती तशीच उठली, आपल्या बाजूला आली आणि मधल्या दाराला कडी घातली. थोड्या वेळानं पलीकडूनही कडी वाजली. तेव्हापासून अबोला. रस्त्यात समोरासमोर आले की तो मान वळवतो आणि ही त्याच्याकडे चुणलेल्या कॉलरकडे बघावं तशी बघते. दोघांमध्ये उरलं होतं ते एवढंच दार.

त्या दारावर कपाटं आली. एक ऑफिस बंद पडलं, तिथली तयार कपाटं बाईनं घेतली. दाबलेल्या भुशाची, हलकी, हात लावला की डुगडुगणारी. पलंगाखाली खोक्यांत कोंबलेली पुस्तकं एकदाची बाहेर येणार होती.

"पण अशी नकोत," बाई म्हणाली. "भिंतीतूनच उगवल्यासारखी दिसली पाहिजेत."

"सुतार बोलवा."

"तू मोर्चाचे फलक ठोकतेस ना? स्टेज बांधतेस ना? की नुसतं सांगतेस?"

झालं. असं म्हटल्यावर मी माघार घेणारी नाही. भिंतीच्या लांबीभर तळाला लाकडी बैठक केली, तिच्यावर कपाटं शेजारी शेजारी उभी केली, स्क्रूनं एकमेकांना आवळली, भिंतीत भोकं पाडून त्यांत लाकडी गिट्ट्या ठोकून जखडली. वर छतापर्यंत फळी, कडेच्या फटींना पट्टी. मग सांध्यांत लुकण भरायचं, वाळलं की पॉलिश पेपरनं घासायचं, भिंतीचाच रंग मारायचा. बाई चष्मा कपाळावर ढकलून बोट फिरवायची.

"इथे सांधा लागतोय. रिजेक्ट."

"बाई, ही भिंत आहे, शर्ट नाही."

"भिंतीलाही कॉलर असते. पुन्हा भर."

मधलं कपाट नेमकं त्या दारावर येत होतं. मला तर बरंच वाटलं. भिंतीतल्या स्क्रूंचं सोडा, पण दाराच्या चौकटीत स्क्रू पिळताना मुद्दाम जोर काढला. कळू दे त्याला. त्याचं दार तिकडे त्याच्या खोलीत उघडतं. उघडायला गेला तर समोर पुस्तकांची भिंत.

प्रत्येक कपाटाला मागून ठोकायला एक पातळ फळी होती, तिलाच कपाटाची पाठ म्हणतात. हे सगळं आवळण्याआधी मधल्याची पाठ मी उचलली तशी बाई म्हणाली, "याची राहू दे."

"का? मागचं रंग उडालेलं दार दिसेल."

"पुढे पुस्तकं असणार. तुला काय दिसणारे?"

एक टाका सुटला तर शर्ट परत पाठवणारी बाई अर्धवट काम चालवून घेत होती. मी चक्रावले. मग तिनं मला लुकण आणायला दुकानात पाठवलं. अर्धा डबा शिल्लक असताना. उन्हातून आले तर कपाट जागेवर सरकवलेलं आणि बाई घामेजलेली. "एकटीनं कशाला ढकललंत?" तर म्हणे, जमलं.

पुस्तकं लागली, खोली ओळखू येईना. काही दिवसांनी बघते तर मधल्या कपाटात, डोळ्यांच्या उंचीवर, काही पुस्तकं उलटी. कणा आत, पानांच्या कडा आपल्याकडे. नाव दिसत नाही, काही नाही. मी सरळ केली. दुसऱ्या खेपेला पुन्हा उलटी.

"बाई, तुमची नजर गेली का?"

"तुझी शाबूत आहे ना? मग गप बस."

आता खरी गोष्ट ऐका. बाईकडे नुकतीच आलेली एक रहस्यकथा हातात घेऊन मी बसथांब्यावर वाचत होते. समोर शाळेची बस थांबली. ड्रायव्हरभाऊनं खिडकीतून पुस्तकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "खून डॉक्टरनं केलाय." आणि बस घेऊन गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून निम्मं वाचायचं होतं. चालत चालत मनात त्याचा उद्धार करत होते, आणि पाय आपोआप थांबले. हे पुस्तक बाईशिवाय कोणाकडे नाही. यानं कुठे वाचलं?

तशीच बाईच्या घरी घुसले. मधल्या कपाटातली उलटी पुस्तकं बाजूला केली. मागून प्रकाश आला. दार उघडं होतं. पलीकडे त्याची खुर्ची, खुंटीवर खाकी शर्ट, आणि खुर्चीवर पालथं घातलेलं बाईकडचंच एक पुस्तक.

"त्यानं मला शेवट सांगितला," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणे."

"मूर्ख आहे," बाई म्हणाली. "लहानपणापासून शेवट आधी वाचतो आणि दुसऱ्याचा विचका करतो." आणि हसली. मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही बोलता?"

"कोण बोलतंय?"

"आधी कडी कोणी काढली? तुम्ही की त्यानं?"

"पुस्तकं नीट लाव. उजेड डोळ्यांवर येतोय."

"त्यानं माफी मागितली?"

"नाही."

"मग तुम्ही माफ केलं?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

"कपाट आहे."

मी चिडले. हे असं चोरटं कशाला, मी आत्ता जाते, दोघांना समोरासमोर बसवते, म्हणून निघालेच. बाईनं मनगट धरलं. कारखान्यातला हात तो, सुटेना.

"जायचं नाहीस. हा तुझा मोर्चा नाही. त्याला बोलायला लावलंस तर तो पुन्हा काहीतरी बोलेल. आणि मग मला ती पाठ ठोकावी लागेल."

मी परत खाली बसले. पण अजून माझ्या डोक्यात हे बसत नाही. रस्त्यात तो आजही मान वळवतो. ती आजही तसंच बघते. माझ्या हिशेबी भांडण असतं, नाहीतर तडजोड असते. या तिसऱ्याला काय म्हणायचं?

रीत तेवढी कळली. तिनं त्याच्यासाठी निवडलेलं पुस्तक ती कणा त्याच्याकडे करून ठेवते. वाचून झालं की तो कणा बाईकडे करून ठेवतो. बस. परवा कोणा भल्या माणसानं जाता जाता सगळी फळी सरळ करून टाकली. पलीकडून बघणाऱ्याला त्याचा अर्थ एकच: तुझ्यासाठी काही नाही. दार लोटलं गेलं. बाई धड जेवेना. मग तिनं एक जाडजूड पुस्तक उलटं ठेवलं आणि वाट बघत बसली. काल ते जागेवर नव्हतं आणि तिथून पुन्हा उजेड येत होता.

म्हणून एवढं लिहिलं. तुम्ही तिच्याकडे या, हवं ते न्या, कुठूनही न्या. फक्त मधल्या कपाटातली उलटी पुस्तकं सरळ करू नका.