अटॅक कशाचा?

आमच्या सोनपेठला अटॅक कशाचाही येतो. मलेरियाचा येतो, काविळीचा येतो, पित्ताचा येतो. कापसावर बोंडअळीचा येतो, हरभऱ्यावर घाटेअळीचा येतो. समोरचे कापडवाले तर लग्नात चार जिलब्या जास्त झाल्या तरी ‘अ‍ॅसिडिटीचा अटॅक आला होता’ म्हणून आठवडाभर सांगत बसतात. हा शब्द कुठल्या दवाखान्यातून गावात शिरला कोण जाणे, पण शिरला आणि घरचाच होऊन गेला. त्याच्यापायी माझे वडील परदेशात दवाखान्याच्या दारात अडकून पडतील, हे मात्र माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आमचं खत-बियाणांचं दुकान आहे. ठरवून दिलेला माल विकला की खताची कंपनी दुकानदारांना कुठेतरी परदेशात फिरवून आणते, असा आमच्या धंद्यातला रिवाज. दरवेळी अप्पा मलाच पाठवायचे. स्वतः कधी गेले नाहीत. गेल्या वर्षी बालीची सहल निघाली आणि ती जोडप्यांसाठी होती. मी हट्टाला पेटलो, या खेपेला तुम्ही आणि आईनंच जायचं. आईनं तोवर विमान फक्त अंगणातून बघितलेलं. अप्पांनी आढेवेढे घेतले, पण आईनं गुपचूप नवी चप्पल आणली हे बघितल्यावर तेही गप्प झाले.

सहलीसोबत प्रवासविमा होताच, पण मी परभणीच्या ट्रॅव्हल्सवाल्याला सांगून थोडा मोठा काढायला लावला. अप्पांचं वय झालेलं. अप्पांना हे मुळीच पटलं नाही. आमच्या भागात विमा म्हटलं की पिकाचा, आणि त्या बाबतीत अप्पांचं तोंड कडू झालेलं. म्हणाले, “हितं डोळ्यादेखत बुडालेलं सोयाबीन त्यायला दिसंना. तितं समुद्रापल्याड मी दिसणार हाय का?” अर्जात आधीच्या आजारांचा रकाना होता. मी विचारलं, अप्पा म्हणाले कायबी न्हाई, आणि मी ‘नाही’ लिहिलं.

फोन आला तो बाजाराचा दिवस होता. मोसम नसल्यामुळे दुकानात गर्दी नव्हती, एक गिऱ्हाईक उन्हाळी भुईमुगाच्या बियाण्याची घासाघीस करत होतं. फोनवर सहलीसोबत गेलेला मॅनेजर होता. काका जेवताना टेबलावरच कलंडले, छातीत कळा येतायत, घामानं भिजलेत, जवळच्या छोट्या दवाखान्यात आणलंय, असं तो धापा टाकत सांगत होता. गिऱ्हाइकाला मी काय सांगितलं ते आठवत नाही, पण ते भल्या माणसासारखं उठून गेलं आणि जाताना शटर अर्धं ओढून गेलं.

पीकविम्यानं आम्हाला एक गोष्ट चांगली शिकवलेली आहे. नुकसान झालं की आधी कळवायचं, मग रडायचं. मी मोबाइलमधली पॉलिसी काढली आणि त्यावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे विचारून घेतलं आणि आमच्या डॉक्टर तुमच्याशी बोलतील असं सांगितलं. मला वाटलं, झालं, आता बसा वाट बघत. पण खरोखरच थोड्या वेळात एका डॉक्टरबाईंचा फोन आला आणि त्या मराठीत बोलत होत्या. त्यांनी तिथल्या दवाखान्याशी बोलून घेतलं होतं. हार्ट अटॅकच आहे म्हणाल्या. पहिलं इंजेक्शन दिलंय, पण बंद झालेली रक्तवाहिनी लवकर उघडावी लागेल आणि ती सोय शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. तिथं त्यांनी बेड बघून ठेवला होता, अँब्युलन्स सांगितली होती. विमा कंपनीचं हमीपत्र तिकडं पोचलं की ते अप्पांना आत घेणार होते. मी इथं सोनपेठच्या बाजारात बसून त्या हॉस्पिटलाचं नावसुद्धा धड उच्चारू शकत नव्हतो. बेड कुठून शोधणार, तिथल्या चलनात पैसे कसे भरणार? त्या बाईंचे पाय धरावेत असं वाटलं.

आणि मग त्यांचा परत फोन आला. आवाज आधीसारखा मोकळा नव्हता.

त्यांनी विचारलं, “तुमच्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला होता का?”

मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, तुमच्या आईंनीच तिथं तसं सांगितलंय. दवाखान्यात हिंदी समजणारा एक माणूस होता, त्यानं आईला विचारून लिहून घेतलं होतं की दोन वर्षांमागं अटॅक आला, शेतात कोसळले, दवाखान्यात भरती केलं. अर्जात मात्र काहीच आजार नाही असं लिहिलेलं. जुना हृदयविकार लपवून ठेवला असेल तर हमीपत्र देता येणार नाही, मला खात्री करावी लागेल, असं त्या म्हणाल्या. तोवर अँब्युलन्स दारात उभी राहणार होती.

मला आधी त्या बाईंचा राग आला, मग आईचा, आणि मग अप्पांचा भयंकर राग आला. कारण लपवणं हा अप्पांचा जन्माचा धंदा. दाढ काढून आले तर घरात पत्ता नाही, भाकरी चावता येईना तेव्हा आम्हाला कळलं. मोटारसायकलवरून पडले तेव्हा पायजम्याला डाग कसला म्हणून आईनं विचारलं, तर डाळिंबाचा म्हणाले. असा माणूस छातीचं दुखणं सांगेल होय?

दोन वर्षांपूर्वीचं मला आठवत होतं ते इतकंच. ऐन वैशाखात ते गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, रानात पडले होते. मी त्या वेळी मुलीच्या शाळेच्या कामाला पुण्याला गेलेलो. आईनं त्यांना जीपमध्ये घालून पाथरीला नेलं होतं. मी परत आलो तर अप्पा गल्ल्यावर बसून नोटा मोजत होते. ऊन लागलं होतं म्हणाले. मीही पुढं काही विचारलं नाही. पण पाथरीच्या डॉक्टरनं आईला काय सांगितलं होतं? दोघांनी मिळून माझ्यापासून काही झाकून ठेवलं होतं का? मी पाथरीला फोन लावला, तर कंपाउंडर म्हणाला, साहेब ऑपरेशनला आत आहेत, बाहेर आले की सांगतो.

तेवढ्यात डॉक्टरबाईंनी आईला आणि मला एकाच फोनवर घेतलं. मधल्या वेळेत त्या मॅनेजरनं आपली अक्कल पाजळून ठेवली होती. आईला त्यानं दटावलं होतं, काकू, असलं काही सांगायचं नसतं, विमा रद्द होतो. डॉक्टरबाईंनी आईला सरळच विचारलं आणि आई धडधडीत नाही म्हणाली.

“न्हाई बाई. कवाच काय झालं न्हाई त्यायला. तब्येत एकदम ठणठणीत.”

पण अटॅक आला होता असं तुम्हीच म्हणालात ना, असं बाईंनी विचारलं. आई म्हणाली, म्या न्हाई म्हणलं. मग कुणी म्हटलं, तर म्हायती न्हाई. मी त्यांच्या जागी असतो तर फाईल मिटून टाकली असती. आई खोटं बोलायला लागली की आवाज बारीक होतो आणि वाक्यं तुटतात, हे मला जसं कळत होतं तसं त्यांनाही कळलं असणार.

आईची री ओढणं मला सहज जमलं असतं. जीभ तशी वळलीही होती. पण त्या दवाखान्यातल्या कागदावर एक लिहिलेलं आणि आम्ही दुसरंच बोलणार, यात अप्पांचा वेळ चालला होता. आणि खरं सांगायला लावावं, तर त्यात हृदयविकारच निघायचा आणि हमीपत्र कायमचं जायचं. शेवटी मी म्हणालो, “आई, अप्पा रानात पडले होते ते सांग. काय आसंल ते आसू दे. लपवू नको.”

मागं कुणीतरी अनोळखी भाषेत काहीतरी पुकारत होतं, चाकांचा आवाज येत होता. आई म्हणाली, थांब, नर्स आलीय. मग नुसती खुडबुड. फोन कट झाला की काय असं वाटून मी दोनदा हॅलो हॅलो केलं. पुन्हा आई बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट झाला होता.

“व्हय बाई,” ती म्हणाली. “आला होता अटॅक.”

मी डोळे मिटून घेतले. संपलं असं वाटलं. डॉक्टरबाईंनी सुस्कारा टाकला तो मला ऐकू आला. आणि पुढं माझ्या तोंडून जे निघालं ते मी विचार करून बोललो नाही. दुकानात रोज कुणी ना कुणी येतो, म्हणतो पिकावर अटॅक आलाय, औषध द्या. मी बाटलीला हात लावायच्या आधी विचारतो. इतकी वर्षं तेच विचारत आलोय.

“कशाचा?” मी म्हणालो.

“कशाचा म्हंजी? उन्हाचा की रं,” आई म्हणाली. “वैशाखात रानात पडले. अंग तव्यावानी तापलं होतं. पाथरीच्या डॉक्टरनं छातीची पट्टी काढली, हार्ट चांगलं हाय म्हणला. सलाईन लावली, सकाळी घरी आलो. हेच तर सांगितलं मी त्या माणसाला. उन्हाचा अटॅक.”

मी मोठ्यानं हसलो की रडलो, मला सांगता येणार नाही. डॉक्टरबाईंना काही उमगेना. त्यांनी दोनदा विचारलं, म्हणजे ऊन लागलं होतं? हार्टचं काही नव्हतं? मग मी त्यांना सगळं सांगत सुटलो. मलेरियाचा अटॅक, पित्ताचा अटॅक, अगदी बोंडअळीसुद्धा सांगितली. त्या हिंदीवाल्या माणसानं आईच्या बोलण्यातलं ऊन सोडून दिलं होतं आणि अटॅक तेवढा उचलला होता. बाई म्हणाल्या, मला पटतंय, पण माझ्या पटण्यावर पत्र निघत नाही, पाथरीच्या डॉक्टरांशी बोलणं करून द्या.

मी परत पाथरीला फोन लावला. या वेळी कंपाउंडरला विनवण्या केल्या, आवाज चढवला, शेवटी शिवीही दिली. शिवी ऐकून तो आत गेला. डॉक्टर हातमोजे घालूनच बोलत असावेत, कारण फोन कंपाउंडरनंच त्यांच्या कानाला धरला होता. त्यांना अप्पा चांगले आठवत होते, सलाईन संपायच्या आधीच घरी जाऊ द्या म्हणून भांडलेले. ते डॉक्टरबाईंशी इंग्रजीत बोलले आणि कंपाउंडरला ईसीजीची जुनी पट्टी पाठवायला लावली. त्यानंतर मी दुकानात नुसता येरझाऱ्या घालत राहिलो. बाजारातून परतणारी माणसं अर्ध्या शटरखालून वाकून बघायची आणि माझा चेहरा बघून पुढं जायची. मला कुणाशीच बोलायचं नव्हतं.

डॉक्टरबाईंचा फोन आला. हमीपत्र गेलं होतं, अँब्युलन्स निघाली होती. नंतर किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण अंधार पडायच्या आधी पुन्हा त्यांचाच फोन आला. रक्तवाहिनी उघडली, स्टेंट टाकला, वडील बोलतायत. मी खताच्या पोत्यावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

अप्पांना पुढं काही दिवस तिथंच ठेवलं. आईची राहायची सोय आणि सहल संपल्यानंतरचं दोघांचं परतीचं तिकीट विमा कंपनीनंच बघितलं. राणीसावरगावचं एक दुकानदार जोडपं आईसोबत मागं थांबलं होतं, त्यांचे उपकार वेगळेच. अप्पा घरी आले ते बारीक होऊन, पण तोंड तसंच. म्हणाले, “त्या बाईला इचार, सोयाबीनचंबी बघती का.”

भेटायला रीघ लागली. येईल त्याला मी तो किस्सा रंगवून सांगायचो. ‘कशाचा’ या एका शब्दानं अप्पा कसे वाचले, दुकानदाराची सवय कशी कामी आली. एकदा असंच रंगात आलेलं असताना आई चहा घेऊन आली. आम्ही लिंगायत, आमच्याकडं गळ्यातलं लिंग दीक्षा झाल्यापासून अंगावरून उतरवत नाहीत. गळ्यातून निघतं ते माणूस गेल्यावरच, आणि मग ते त्याच्या हातात ठेवूनच त्याला मातीत नेतात. अप्पांच्या सदऱ्यातून त्याची चांदीची डबी दिसत होती. आई त्या डबीकडंच बघत म्हणाली, “तुझं इचारणं ऱ्हाऊ दे. तू सांग म्हणलास तरी मी न्हाईच म्हणणार होते.”

“मग?” मी विचारलं.

“तवाच ती नर्स आली आन् यांचं लिंग काढून माझ्या हातात ठिवलं. तपासायसाठी काढलं होतं, पर भाषा कळंना. मला वाटलं, गेले. मग खोटं कुणासाठी बोलायचं?”

अप्पांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि आईच्या हातातला कप न मागता स्वतः उठून घेतला.