लेबलवर फौजी नको

पूर्वेकडच्या सरहद्दीवर, जंगलातल्या एका पोस्टवर मी दोन वर्षं काढली. रँक नाईक, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. डॉक्टर खाली बटालियन हेडक्वार्टरला, पायी दीड दिवसावर. म्हणून पोस्टवरची पोरं मलाच ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत.

रोज संध्याकाळी १८०० ला फॉल-इन. बाह्या खाली. मलेरियाची गोळी तोंडात, वर पाणी, मग माझ्यासमोर आ करायचा. जीभ वर, जीभ खाली. गोळी पोटात गेली याची रजिस्टरात सही माझी. काम एवढंच होतं.

शिपाई दत्ता मोडनिंबचा, मी बार्शीचा. परमुलखात जिल्हावाला भेटला की भला भला फौजी विरघळतो. गोळीनं दत्ताच्या पोटात आग पडायची. त्याची आई घरून गुळवेल आणि काडेचिराइताची पूड पाठवायची.

“डॉक्टरसाहेब, आईचा काढा घेतोय की रोज. गोळी कशाला?”

“बरं,” मी म्हणालो. आणि गोळी न देता सही ठोकत राहिलो. तीन आठवडे.

चौथ्या आठवड्यात ताप चढला. ०७०० ला दत्ता बरळायला लागला, ०९२० ला पहिली फिट. हाताशी होतं ते इंजेक्शन दिलं आणि रेडिओ धरला.

“कॅजुअल्टी एक. मलेरिया, डोक्यात गेलाय. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर.”

“वेदर खराब. वेट. ओव्हर.”

“वेट होणार नाही. ओव्हर.”

“वेट. आउट.”

१५१० ला दत्ता गेला. वय तेवीस. चौकशीत रजिस्टर तपासलं. सह्या चोख. रेकॉर्ड उत्तम ठेवल्याबद्दल मला शाबासकी मिळाली. त्या शाबासकीची आजही शिसारी येते.

पेन्शनीत आल्यावर सोलापुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत अटेंडंट म्हणून लागलो. गेल्या वर्षी तिथं एका काढा कंपनीचा अर्क तपासायला आला. पानं, मुळं स्पिरिटमध्ये भिजवून काढलेला. तो मलेरियाच्या जंतूंवर टाकायचा आणि शेजारच्या प्लेटमध्ये नुसतं स्पिरिट. दोन्ही प्लेटमधले जंतू मेले. म्हणजे स्पिरिटनंच मारले. अर्कात दम आहे की नाही ते कळलंच नाही. काम बघणाऱ्या मॅडमनी रिपोर्टात तसंच लिहिलं.

कंपनीचा मालक रिपोर्ट वाचून चिडला नाही. हसला. मॅडम बाहेर गेल्यावर मला म्हणाला, “ती दुसरी प्लेट रिपोर्टातनं गाळायला सांगा की मॅडमास्नी. आन् फौजी, तुमचा वर्दीतला फोटू लेबलवर टाकू. तुमचा एक जवान मलेरियानं गेलता म्हनं. काढा मिळाला आसता तर वाचला आसता, येवढंच म्हना.”

“मिळत होता,” मी म्हणालो. “रोज.”

  त्या हसऱ्या तोंडाची किळस आलीच, पण त्याचं खोटं अजून छापायचं होतं. माझं तर कधीच लिहून झालं होतं, रोज १८०० ला, माझ्याच अक्षरात.

रविवारी मोडनिंबला गेलो. दत्ताची आई आता थकली आहे. तिनं मला ओळखलं, बसायला दिलं, चहा पुढं ठेवला. कपाला हात न लावता मी सगळं सांगितलं. पूड शेवटच्या दिवसापर्यंत पुरली, हेही सांगितलं.

“म्हंजी गोळी तुमी बंद केली व्हय?”

“व्हय, आई.”



“त्या महिन्यात पूड धाडायला मला आठ दिस उशीर झाला व्हता,” ती म्हणाली. “माझ्यामुळं गेलं पोरगं, आसंच समजत व्हते मी. इतकी वर्सं.”

मग माझ्यापुढचा भरलेला कप तिनं उचलला आणि आत घेऊन गेली.