पंधरा सेकंदांची वजाबाकी

गोष्ट गेल्या वर्षीची आहे, पण राग अजून ताजा आहे आणि तो शिळा होऊ द्यायची माझी इच्छाही नाही.

विश्रांतवाडीतल्या एका प्राथमिक शाळेत मी दुसरीचा वर्ग घेते. पावसाळ्यात आदेश आला, की सगळ्या शिक्षकांनी नव्या शिक्षणपद्धतीच्या प्रशिक्षणाला हजर राहायचं. मार्गदर्शक भले गृहस्थ होते. मुलांना भाषण देऊ नका, मुलं कृतीतून शिकतात, आपलं ज्ञान आपणच रचतात, प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जातं, असं ते घसा बसेपर्यंत सांगत होते. पडद्यावरच्या ओळी वाचत, जेवणाची सुट्टी सोडली तर संध्याकाळपर्यंत. आम्ही दिवसभरात कृती एकच केली, हजेरीपटावर सही. शेजारच्या बाईंनी जांभई दाबत मला विचारलं, की आपण कधी रचायचं म्हणे?

तिथे मला हसू आलं होतं, राग नव्हता आला. कारण ते सांगत होते ते खरंच होतं आणि माझ्या वर्गात आधीपासून चालू होतं. वर्गाच्या फरशीवर मी ऑइलपेंटने संख्यारेषा काढली होती, शून्यापासून वीसपर्यंत. मुलं सतरंजीवरून उठायची आणि रेषेवर चालून गणितं करायची. बेरीज पुढे, वजाबाकी मागे. कुणाचं चुकलं तर मी ‘चूक’ म्हणायची नाही, ‘परत चालून बघ’ म्हणायची.

त्या वर्गात एक मुलगी होती. घर जवळच्याच गावातलं. गाव शहरात आलंय, घरातली बोली आलेली नाही. वडील टेम्पो चालवायचे. शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीला नुसता हात वर. बोलली की बाकीची हसतील, ही भीती मला दिसत होती, पण भीती काय समजावून जाते? मग एक दिवस मी बारा वजा पाच विचारलं आणि ती आपणहून उठली. बारावर उभी राहिली, ओठ हलवत एकेक पाऊल मागे आली, सातवर थांबली आणि म्हणाली, “सात हाय, बाई.” कुणी हसलं नाही. सगळे तिच्या पायांकडे बघत होते. त्यानंतर रेषेवर पहिली तीच धावायची. हिशेबाला तिला वेळ लागायचा. लागेना का. मला कुठे गाडी पकडायची होती?

जानेवारीत वर्गात स्मार्ट बोर्ड आला आणि टॅब आले. टॅबशी माझं भांडण नाही. त्यातली चित्रं, गाणी मी आनंदाने वापरली असती. पण आधी सतरंज्या गेल्या आणि बाक आले, कारण डिजिटल वर्ग बाकांशिवाय फोटोत बरा दिसत नाही. बाक बोर्डाकडे तोंड करून लावायचे होते. माझी संख्यारेषा बाकांखाली गेली. मी तक्रार केली तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, की रेषा बोर्डातही आहे, बोटाने सरकवता येते. बोर्डाला बोट लावायची मुलांना मनाई होती, खराब होऊ नये म्हणून. हे त्यांनी मला त्याच दमात सांगितलं.

मग टॅबवर चाचणी झाली. ती बसवून द्यायला आले तेच मार्गदर्शक. एका गणिताला पंधरा सेकंद. त्या मुलीसमोर चौदा वजा सहा आलं. तिने आधी खाली पाहिलं, बाकाच्या पायांमध्ये. मग उठली, रेषा शोधायला. सरांनी अगदी प्रेमाने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. ती बोटं मोजायला लागली, तोवर गणित पडद्यावरून गेलं. पुढचं आलं, तेही गेलं. मी सरांना विचारलं, आपापल्या गतीचं काय झालं? ते म्हणाले, सॉफ्टवेअरची सेटिंग आपल्या हातात नसते. मला त्या क्षणी तो टॅब खिडकीबाहेर भिरकावावासा वाटला. अजूनही वाटतो.

निकाल बोर्डावरच लागला, मुलांच्या फोटोंसकट, सगळ्या वर्गासमोर. येतं त्यांना हिरवी चौकट, थोडं येतं त्यांना पिवळी, येत नाही त्यांना लाल. ती मुलगी लाल. एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण अधिकारी भेटीला आले तर जादा लक्ष कुणाकडे द्यायचं हे त्यांना चटकन दिसावं, म्हणून मुख्याध्यापिकांनी मुलांच्या ओळखपत्रांवर त्या त्या रंगाच्या टिकल्या चिकटवायला सांगितल्या. मी नाही चिकटवल्या. दुपारी वर्गात आले तर शिपाईमामांकडून चिकटवून झालेल्या होत्या.

मी तडक ऑफिसात गेले.

“अहो बाई, एवढ्याशा मुलांना लाल-हिरव्यातलं काय कळतंय?” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“रस्त्यावरच्या सिग्नलचा धडा आपणच पहिलीत शिकवतो, मॅडम.”

मी फार भावनिक होते, असं त्यांनी मला समजावलं. त्या वाईट नाहीत. त्यांना वरून फोन येतात, फोटो मागतात. पण वाईट नसलेल्या माणसांनी मिळून एका सात वर्षांच्या पोरीचं जे केलं, ते मी माफ करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधी मी एकटीने बाक ओढून भिंतीला लावले. रेषा थोडी खरचटली होती, पण होती. मुलं आली, ओरडत रेषेवर धावली. ती मुलगी मात्र दारातच थांबली. मी म्हटलं, ये, चौदावर उभी राहा, कालचं गणित आपण चालून बघू.

“मला येत न्हाय, बाई,” ती म्हणाली. “मी लाल हाय.”

मी गुडघ्यावर बसले, तिच्या ओळखपत्रावरची टिकली नखाने खरवडून काढली आणि तिला दाखवली. बघ, गेली. आता चल.

तिने माझ्या बोटाला चिकटलेल्या टिकलीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बंद बोर्डाकडे.

“त्याच्यात तर हायच ना, बाई,” ती म्हणाली, आणि भिंतीला लावलेल्या बाकावर जाऊन बसली.