दारापासून दारापर्यंतचे तास

प्रवासी कंपनीच्या कचेरीत खिडकीलगतचं टेबल ताईंचं. सव्वीस वर्षं त्या लोकांना विमानाची तिकिटं काढून देत आल्या. गिऱ्हाइकानं "किती तास लागतात?" असं विचारलं की बाकीचे पडद्यावरचा आकडा वाचून मोकळे होत. ताई आधी विचारत, "राहता कुठे? तिकडे उतरल्यावर जायचंय कुठे?" मग कागदावर बेरीज मांडत: विमानतळापर्यंतचा रस्ता, रांगा, उड्डाण, सामानाची वाट पाहणं, टॅक्सी.

"विमानाचे चौदा. तुमचे चोवीस."

"ताई, घाबरवून पळवाल गिऱ्हाइकं," शेजारचा कारकून म्हणे.

"पळू देत. पोचल्यावर शिव्या तरी घालणार नाहीत."

त्या स्वतः कधी विमानात बसल्या नव्हत्या. धाकटा भाऊ बारा हजार किलोमीटरवर राहायचा. त्याचं प्रत्येक तिकीट त्यांच्याच हातचं. जाताना चौदा तास, येताना वारा समोरून, म्हणून सोळा.

गेल्या वर्षी वडील इस्पितळात होते. एका सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी ताईंना खोलीबाहेर बोलावलं. "बारा तास, फार तर पंधरा. कुणाला कळवायचं असेल तर कळवा."

ताईंनी तिथूनच भावाला फोन लावला.

"निघतोच मी. सोळा तासांत येतो."

"सोळा नाही रे. पुढचं विमान सहा तासांनी आहे. मग सोळा हवेत. उतरल्यावर अडीच. साडेचोवीस होतात."

"म्हणून निघूच नको?"

"ऐक. बाबांना बोलता येत नाही, पण हाक मारली की डोळे वळतात. तू विमानात बसलास की सोळा तास तुझा आवाजही त्यांना मिळणार नाही. येऊ नकोस. फोनवर थांब."

"माझेही वडील आहेत ते. मला तुझ्या टेबलासमोरचं गिऱ्हाईक समजू नकोस."

ताई फोन तसाच धरून खोलीत बाबांच्या खाटेशी गेल्या. मग भाऊ म्हणाला, "लाव त्यांच्या कानाला."

दुपारभर तो बोलत राहिला. मध्येच थांबायचा, नाक शिंकरायचा, पुन्हा सुरू करायचा. हात भरून आला की ताई फोन दुसऱ्या हातात घेत.

बाबा गेले दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला. अठ्ठावीस तासांनी.

धाकटा निघाला असता तर साडेतीन तास त्याच्या वाट्याला आले असते. ही वजाबाकी ताईंनी खाटेशी उभ्या उभ्याच केली.

तो आला, सगळं आटोपलं. दोन दिवस तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "साडेतीन तास होते, ताई."

"हो."

"तुला कळलं होतं?"

"तेव्हाच."

डॉक्टरांनी फार तर पंधरा तास सांगितले होते, हे ताईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मी बोलत होतो तेव्हा कसे दिसत होते?"

काहीतरी गोड सांगणं सोपं होतं. "डोळे मिटलेले होते," ताई म्हणाल्या. "तुझ्या नि बाबांच्या त्या ब्रेक नसलेल्या सायकलचं निघालं तेव्हा उघडले. एक भुवई जराशी वर गेली, चेष्टा करताना जायची तशी. बाकीचं ऐकलं की नाही, मला नाही सांगता येणार."

तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला.

"भुवई कुठली?" त्यानं विचारलं. "डावी?"