तेंडोलकरबाईंचं अक्षर

पावसात भिजून पत्ता फुटलेलं पत्र आलं, की आमच्या मुलुंडच्या कॉलनीतला पोस्टमन ते थेट तेंडोलकरबाईंच्या दारात न्यायचा. बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या, पत्र डोळ्यांशी धरायच्या आणि पत्ता सांगायच्या. तेवढ्यावर थांबतील त्या बाई कसल्या! लिहिणारा त्यांचा विद्यार्थी असला तर त्याचंही नाव सांगायच्या. "हे देसायांच्या सुधाचं. लग्न होऊन नाशकाला गेली, पण तिचा 'र' अजून पेंगतोच आहे." पोस्टमन हसत जिना उतरायचा आणि देसायांना पत्र उघडायच्या आधीच लेकीची खबर द्यायचा.

बाई मूळच्या मालवणकडच्या. मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवायच्या. जवळजवळ तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे कॉलनीतली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती. बाहेरच्याला आमची सगळ्यांची अक्षरं एकच वाटायची, आणि ते एक अक्षर म्हणजे बाईंचं. बाईंना मात्र प्रत्येकाचं वेगळं दिसायचं. वर्गात प्रमाण मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा माया आली की मालवणी बाहेर यायची. "अक्षर वाकडा असला तरी चलात मेल्या, भियालेला नको," असं म्हणून त्यांनी माझी पहिली वही परत केली होती.

वर्गात कुणी काही आगळीक केली तर त्या एकदाच विचारायच्या, "कुणी केलं?" मग टेबलाशी बसून ब्लेडनं पेन्सिली तासत राहायच्या. कुणाकडे बघायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत. "मी नाव घेणार नाही. ज्याचं त्यानं उभं राहायचं." कधी कधी अख्खा तास त्यात जायचा. कुणीतरी उभं राहायचंच. मग बाई फक्त "बस" म्हणायच्या आणि धडा पुढे सुरू व्हायचा. त्यांच्या कपाटाची काच फोडून मीही एकदा असा उभा राहिलो होतो. त्या 'बस'नंतर जो सुटल्यासारखा श्वास घेतला, तसा पुन्हा कधी घेतला नाही.

बाईंच्या समोरच्या दारात गुप्ते डॉक्टर राहायचे. दवाखाना त्याच इमारतीत तळमजल्यावर. बाईंची एकुलती एक मुलगी मीनू नऊ वर्षांची असताना विषमज्वरानं गेली. शेवटचे तीन दिवस डॉक्टर दवाखाना बंद ठेवून तिच्या उशाशी बसले होते. त्यानंतर दोन घरांची दारं दिवसभर उघडीच असायची. बाईंच्या घरचं कालवण तिकडे, डॉक्टरांचं वर्तमानपत्र इकडे. बाईंचे यजमान गेले तेव्हाही डॉक्टरच धावपळ करत होते. त्यांना बाई 'डॉक्टर' म्हणायच्या आणि ते बाईंना 'कमलताई'.

ऐंशीच्या दशकातल्या एका विधानसभा निवडणुकीत लोकांनी आग्रह केला आणि गुप्ते डॉक्टर अपक्ष उभे राहिले. मी तेव्हा बँकेत नुकता चिकटलो होतो आणि डॉक्टरांच्या विरोधातल्या उमेदवाराच्या कचेरीत कुणाला न सांगता उठबस करत होतो. बँकेच्या नोकरीत असलं काही चालायचं नाही, पण अंगात रग होती आणि तिथे माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं. प्रचाराची सूत्रं सामंत वकिलांकडे होती. गोड बोलणारा माणूस. त्यांनी एक दिवस मला आतल्या खोलीत नेलं आणि समोर कोऱ्या पोस्टकार्डांचे गठ्ठे ठेवले.

"छापायचं म्हटलं तर वसंता, छापणाऱ्याचं नाव, काढणाऱ्याचं नाव, पत्ता, सगळं खाली टाकावं लागतं," ते म्हणाले. "कायदाच आहे. पण हातानं नक्कल केली तर ते छापणं धरत नाहीत. तेही कायद्यातच आहे. आणि तुझं अक्षर तर यार, एकदम झकास!"

मसुदा चार ओळींचा होता. गुप्ते डॉक्टरांनी वेळेवर दार उघडलं असतं तर माझं लेकरू आज जिवंत असतं. अशा माणसाला मत देण्याआधी आपल्या लेकरांकडे बघा. खाली सही होती, 'एक आई'.

"हे खरं आहे का?" मी विचारलं.

"कुणाचं नावच नाही त्यात. मग खोटं ठरवणार कोण?" वकील म्हणाले.

मी बँकेतून रजा टाकली आणि चार दिवस बसून दोनशे चाळीस कार्डं लिहिली. मसुदा हातात घेतला तेव्हा मला मीनू आठवलीच नाही, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. पहिल्या दहा कार्डांपर्यंत ते खरं आहे. अकराव्याला आठवली. बाईंच्या वर्गात ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. मी पेन खाली ठेवलं, पाणी प्यायलो आणि बारावं कार्ड घेतलं. अक्षर बिघडवून लिहावं एवढं साधं मला सुचलं नाही. बाईंच्या हाताखालून गेलेल्या कुणालाच ते सुचलं नसतं. प्रत्येक कार्ड मी मन लावून, रेघ न चुकवता लिहिलं.

कार्डं घरोघर पडली. कॉलनीनं आधी अक्षर पाहिलं आणि मग सही पाहिली. बाईंचं अक्षर, 'एक आई' आणि गेलेलं लेकरू. कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. "म्हणजे मीनूच्या वेळी असं झालं होतं तर," बायका जिन्यात कुजबुजू लागल्या. हा अर्थ निघेल हे वकिलांना ठाऊक होतं का, ते मला कधी कळलं नाही. अकराव्या कार्डानंतर मला मात्र ते कळायला हवं होतं.

डॉक्टरांचे कार्यकर्ते निवडणूक कचेरीत कार्ड घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हातानं लिहिलंय. लिहिणाऱ्याचं नाव आणा, मग तक्रार बघू." झालं, सगळे उठून बाईंच्या दारात आले. डॉक्टर आपल्या उंबऱ्यात उभे होते. आलो नाही तर संशय येईल म्हणून मीही त्या घोळक्यात, जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होतो.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कार्ड डोळ्यांशी धरलं. फार वेळ लागला नाही त्यांना.

"हे मी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग कुणी लिहिलं, बाई? तुम्ही तर सगळ्यांची अक्षरं ओळखता ना?" एका कार्यकर्त्यानं विचारलं.

बाईंनी कार्ड मांडीवर ठेवलं. कुणाकडेही बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. वर्गात बसायच्या तशाच बसल्या होत्या, फक्त हातात पेन्सिल नव्हती. माझं नाव घेतलं असतं तर पोलिसांत तक्रार झाली असती, नोकरी गेली असती. म्हातारी आई आणि लग्नाची बहीण माझ्यावर होती, हे बाईंना माहीत होतं. पण खरं सांगतो, मी तेव्हा आईचा किंवा बहिणीचा विचार केला नाही. फक्त माझी वाट लागेल, एवढंच डोक्यात होतं.

"कमलताई, बोला ना," डॉक्टर आपल्या दारातून म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "तुम्ही नाही, तर कुणी ते सांगा."

"मी नाव घेणार नाही," बाई म्हणाल्या.

लोक एकमेकांकडे बघून जिना उतरले. डॉक्टरांनी आपलं दार लावून घेतलं.

डॉक्टर निवडणूक हरले. कार्डं नसती तरीही हरलेच असते, अपक्षाला कोण विचारतो? पण आया मुलांना दवाखान्यात आणेनाशा झाल्या आणि वर्षभरात दवाखाना बंद पडला. बाईंना कुणी तोंडावर बोललं नाही. पोस्टमन मात्र फुटक्या पत्त्याची पत्रं परत न्यायला लागला.

निवडणूक संपल्यावर थोड्याच दिवसांनी, एका रविवारी बाईंनी मला गॅलरीतून हाक मारली. "वसू, ये रे. सोलकढी केलीय." मी गेलो. त्यांनी पेला पुढे ठेवला आणि समोर बसल्या. मी बँकेतल्या साहेबाच्या गमती सांगितल्या, बहिणीला आलेलं स्थळ सांगितलं. बाई सगळं ऐकत होत्या. सोलकढी संपली तसा मी उठलो. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "दार उघडाच असता माझा. कधीय ये." मी हो म्हटलं आणि दुसऱ्या आठवड्यात नागपूरच्या बदलीचा अर्ज केला.

नागपुरात मी अक्षर बदलायचा प्रयत्न केला. तिरकं लिहून पाहिलं, डाव्या हातानं लिहून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. साधी पावती लिहायला घेतली तरी बाईंचा 'म' समोर येऊन उभा राहायचा. त्या चार वर्षांत मी मुलुंडला अनेकदा आलो, आणि दर वेळी पुढच्या खेपेला बाईंकडे जाऊ म्हणत परत गेलो. मग आईचं पत्र आलं, की बाई गेल्या.

मी पोचलो तेव्हा तेरावाही उलटून गेला होता. बाईंच्या दाराला कुलूप होतं. समोरचं दार मी वाजवलं. डॉक्टरांनी उघडलं. फार थकले होते. मी आत जाऊन बसलोही नाही, उभ्याउभ्याच सांगून टाकलं. वकील, पोस्टकार्डं, अकरावं कार्ड, सोलकढी, सगळं. आता ते मला जोड्यानं मारतील, निदान शिव्या तरी देतील, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी खुर्ची चाचपली आणि खाली बसले. नजर समोरच्या कुलपावर होती.

"कमलताई मला रोज जिन्यात भेटायची," ते म्हणाले. "रोज विचारायची, 'डॉक्टर, बरे आहात ना?' चार वर्षं. मी एकदाही उत्तर दिलं नाही." मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "ती गेली तेव्हा माणसं कमी पडत होती म्हणून तुझी आई मला बोलवायला आली होती रे. मी दार उघडलं नाही. मी तिला खांदासुद्धा दिला नाही."