पुस्तिकेत नसलेली दहा वाक्यं

माझ्या मावशीला दवाखान्यात सगळेच मावशी म्हणतात. डॉक्टर, शिपाई, पेशंटचे नातेवाईक, सगळे. माझी ती खरीच मावशी, आईची धाकटी बहीण. बावीस वर्षं ती दवाखान्याच्या लॉन्ड्रीत आहे. आधीची सोळा वर्षं धुण्याच्या मशीनवर गेली. तिथे ओल्या चादरींची ओझी उचलून तिचा उजवा खांदा कायमचा दुखावला, तेव्हा तिला घडीखोलीत बसवलं. गेली सहा वर्षं घडीखोली तीच सांभाळते. कागदावर मात्र त्या खोलीला प्रमुख नव्हता.

ऑपरेशनसाठी लागणारे गाऊन आणि चादरी या खोलीत घडी घालून गठ्ठ्यात बांधतात. गठ्ठ्याचं शेवटचं टोक बोटभर बाहेर सोडायचं, म्हणजे उघडणाऱ्या नर्सचा हात आतल्या कापडाला लागत नाही. बांधलेला गठ्ठा जमिनीवर पडला, तर तो पुन्हा धुवायला जातो. पडताना कुणी पाहिलेलं नसलं तरी जातो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, मावशीचा आहे.

या वर्षी प्रमुखाची जागा भरायचं ठरलं आणि तिच्यासाठी इंग्रजीची लेखी परीक्षा निघाली. पास झालेल्यांत नोकरीने सगळ्यात जुनी ती प्रमुख, बाकीच्या घडीखोलीत, आणि नापास झालेल्यांनी पुन्हा मशीनवर जायचं. घड्या घालायला इंग्रजी कशाला, असं कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "तू शिकलीस ना एवढी? मग मला शिकव. भांडण नंतर करू."

परीक्षेसाठी ऑफिसने एक पातळ पुस्तिका वाटली होती. तिच्यात एकाच क्रियापदाची दहा वाक्यं होती. क्रियापद होतं 'कीप'. पहिलं वाक्य, राजा दहा घोडे बाळगतो.

"या राजाच्या घोड्यांच्या झुली कोण धुतं, ते लिहिलंय का?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मग मला त्याचं काय करायचंय?"

मी पुस्तिका मिटली. कप टेबलावर ठेव म्हणताना 'कीप' म्हणायचं नाही, तिथे 'पुट' म्हणायचं, इथपासून मी सुरुवात केली. ठेवलेली वस्तू तशीच राहू द्यायची, जपायची, तेव्हा 'कीप'. शब्द पाळला तरी 'कीप', एखाद्याला कशापासून रोखलं तरी 'कीप', आणि एखादी गोष्ट करतच राहिलं तरी 'कीप'. फक्त त्यापुढच्या क्रियापदाला 'इंग' लावायचं.

मावशीने समोरचा कप टेबलावर ठेवला आणि हात काढून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे हात काढून घेतला तरी लक्ष असतं, तो कीप."

मी एमएला भाषाशास्त्राचे दोन पेपर दिले आहेत. इतकी नेमकी व्याख्या मला सुचली नसती.

महिनाभर ती घडीखोलीत जेवणाच्या सुट्टीत वाक्यं करत होती. सोबत मशीनवालीलाही शिकवत होती. मशीनवाली म्हणजे तिच्या जागी मशीनवर आलेली बाई, तीही परीक्षेला बसली होती. मावशीची वाक्यं मला पाठ आहेत. आय कीप माय हँड्स ड्राय. आय कीप वन कॉर्नर आउट. इफ अ बंडल फॉल्स, आय डू नॉट कीप इट.

परीक्षेत दहा अर्थांची दहा वाक्यं लिहायची होती, वीस गुणांना. बाकीच्या ऐंशीत मावशीला एक्केचाळीस मिळाले. या विसात शून्य. पास व्हायला पन्नास हवे होते. मशीनवालीलाही तिथे शून्यच.

"जाऊ दे गं," मशीनवाली म्हणाली. "आपल्याला कोण विचारतंय?"

"ते विचारत नाहीत तर आपण विचारू," मावशी म्हणाली, आणि सुट्टी टाकून मला घेऊन ऑफिसात गेली.

हेडक्लार्कने पेपर काढून दाखवला. दहाही वाक्यांवर लाल काट. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर सहीसाठी आत आल्या. बावीस वर्षांची ओळख. त्यांनी पेपर हातात घेतला आणि वाचला.

"अहो, ही वाक्यं बरोबर आहेत."

"बरोबर आहेत हो सिस्टर," हेडक्लार्क म्हणाला. "पण पुस्तिकेत नाहीत."

हे त्याने अगदी शांतपणे सांगितलं. मला अजून त्या शांतपणाचा राग येतो. पुस्तिकेतले घोडे पाठ करून लिहिणारे पास झाले होते. त्यांच्यातल्या कितीजणांना आपण काय लिहिलं ते ठाऊक होतं, कोण जाणे. आणि जिने शब्द समजून घेऊन रोजच्या कामाला लावला, ती नापास. परीक्षा इंग्रजीची होती की आज्ञापालनाची?

"पुन्हा तपासा," मावशी म्हणाली.

"लेखी अर्ज लागेल. इंग्रजीतून."

त्याला वाटलं, विषय संपला. मावशीने त्याच्याच टेबलावरचा कागद ओढला, त्याचंच पेन उचललं. मी पुढे झाले तर तिने डाव्या हाताने मला मागे सारलं. दुखऱ्या खांद्यामुळे तिचं अक्षर उतरतं जातं. तिने तीन ओळी लिहायला दहा मिनिटं घेतली. प्लीज चेक माय पेपर अगेन. माय सेंटेन्सेस आर राइट. आय विल कीप कमिंग अंटिल यू चेक इट.

आणि ती येत राहिली. दर सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, डबा हातात घेऊन. हेडक्लार्कच्या समोरच्या बाकावर बसून जेवायची. "पेपर तपासणारे साहेब कामात आहेत," तो सांगायचा. "असू देत, माझं जेवण व्हायचंय," ती म्हणायची. तिसऱ्या सोमवारी तो वैतागून म्हणाला, "मावशी, हे काय कँटीन आहे?"

"नाही ना? मग पेपर तपासा, मी कँटीनमध्ये जाते."

पाचव्या सोमवारी पेपर तपासून आला. वीसपैकी अठरा. एकूण एकोणसाठ. एकच वाक्य चूक धरलं होतं. आय कीप टेलिंग साहेब दॅट द मशीन इज लीकिंग.

"यात काय चुकलं?" मी विचारलं.

"इंग्रजी बरोबर आहे," हेडक्लार्क म्हणाला. "मजकूर उद्धट आहे."

मशीन अजूनही गळतंय. मशीनवाली रोज त्या पाण्यात उभी राहते.

"असो. साहेबांनी मोठं मन केलं," हेडक्लार्कने नेमणुकीचा कागद पुढे सरकवला. "अभिनंदन, मावशी."

मावशीने कागद वाचला, सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत. सही केली. कागदाची चार घड्यांची घडी घातली, एक टोक बोटभर बाहेर सोडलं आणि पिशवीत ठेवली. मग पिशवीतून दुसरा कागद काढला. त्याच्यावर तिच्याच उतरत्या अक्षरातल्या तीन ओळी होत्या. खाली सही मशीनवालीची.

"आता हिचा पेपर काढा," ती म्हणाली, आणि बाकावर बसून डबा उघडला.