जांगड माल, पक्की विक्री

आमच्या आंधळगावात कोशाच्या साड्यांचा धंदा जांगडावर चालायचा. जांगड म्हणजे दुकानदारानं माल न्यायचा, खपला तर पैसे द्यायचे, नाही खपला तर परत. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लपवायची अक्कल आमच्या शेठची.

ब्यांका सरकारी होऊन सात-आठ वर्षं झाली होती. कोष्ट्याच्या घरातला मी पहिला बी. कॉम. शेठकडची विक्रीची वही माझ्या हातात, आणि प्रत्येक पानाखाली सही माझी. बापाला मागावर बसवत नव्हतं, बहीण लग्नाला आलेली. घर माझ्या पगारावर. एका मार्चमध्ये शेठ म्हणाले, "जांगड-फांगड नोको लिहू, बाबू. पक्की विक्री लिही. विक्री वाढली दिसली का ब्यांक कर्ज वाढवून देते."

दुकानदाराला मात्र बिलासोबत गुपचूप चिठ्ठी जायची, नाही खपला तर माल परत घेऊ. तिची नक्कल शेठच्या तिजोरीत. वैशाखात एस.टी.च्या टपावरून गठ्ठे परत यायचे. ते वहीत चढायचेच नाहीत, दुसऱ्या दुकानाला नव्या बिलावर निघायचे. एकच साडी मी कागदावर तीनदा विकली. नेसली कोणी नव्हती.

पुढच्या साली ब्यांकेचे नवे साहेब तपासणीला आले. वही पाहून खूश झाले. निघताना शेठनं त्यांच्यापुढं साडी धरली. साहेब सज्जन, म्हणाले, "मी भेट घेत नसतो."

तर आमचा शेठ काय बोलून बसला? "भेट कायची, साहेब? जांगड समजा. बाईसाहेबांले नाही आवडली तर वापस करा."

साहेब थबकले. "तुमच्याकडे जांगड चालतं? मग या वहीतली विक्री पक्की किती?" शेठला नाही विचारलं, मला विचारलं. सही माझी होती ना!

खरं सांगून मोकळं व्हावं असं किती वाटलं, काय सांगू! शेठ पंख्याकडे पाहत राहिले. आणि मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. म्हणालो, "बोलायची रीत आहे, साहेब. विक्री सगळी पक्की."

साहेबांनी वही मिटली. साडी न घेताच गेले.

बहिणीचं लग्न पार पडलं तसा मी राजीनामा लिहून नेला. शेठ रागावले नाहीत. चहा मागवला.

"जा ना, बाबू. मी काहून अडवू? फक्त नव्या माणसाले वही समजावून दे. कोनती विक्री खरी, कोनती खोटी. अन् सही कोनाची, तेही सांगजो."

मी चहा प्यालो. मग गादीवर बसून त्या दिवसाची पाच बिलं पक्की लिहिली आणि खाली सही केली. पुढं अकरा वर्षं तेच करत राहिलो.